माळ आणि माळवद

मंडळी, भवानी पेठ म्हटलं की पुण्याची माणसं लगेच लाकूड बाजाराबद्दल विचारतात. तो त्यांच्या भवानी पेठेत. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत लाकूड नाही, माग आहेत. यंत्रमागाचा खटखटाट थांबला की आम्हाला जाग येते, कारण खटखटाट थांबला म्हणजे वीज गेली. पण गेल्या मे महिन्यात माझ्या दारात खरोखरच टेम्पोभर जुनं लाकूड येऊन पडलं आणि शेजारच्यांनी विचारलं, "सर, वखार टाकताय की काय?"

त्या लाकडाची आणि ते जिथून आलं त्या माळाची ही हकीकत. थोडी लांबण लागेल. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला तास संपल्याशिवाय थांबता येत नाही!

सुरुवात एका फोनने झाली. आमचं मूळ गाव बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या पलीकडे. चुलतभावाचा फोन आला. "दादा, गोठा पाडूलालो. जेसीबी येणारच आहे तर वरचा माळ पण सपाट करून घ्यावा म्हणतो. तुमची सही लागंल." वरचा माळ म्हणजे सात एकर मुरमाड जमीन. सात-बारावर त्याचं आणि माझं, दोघांचंही नाव. आजवर त्या जमिनीने आम्हाला काही दिलं नाही आणि आम्ही तिच्याकडे काही मागितलं नाही. मी म्हटलं, सहीचं आल्यावर बघू, आधी गोठ्याला हात लावू नको. दुसऱ्या दिवशी एसटीने गावी गेलो.

गोठा म्हणजे माळवदाचा. आमच्या नातवंडांपैकी निम्म्यांनी माळवद पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. आपल्या सोलापूरकडे आणि मराठवाड्यात पाऊस कमी, ऊन मरणाचं. म्हणून इकडे उतरती कौलं नव्हती, सपाट मातीचं छप्पर होतं. खाली लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर चिपा. त्यावर आमच्याकडे तरवडाच्या फांद्या आणि पाला दाबून अंथरत आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवत. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं, आणि घर केवढं ते खणांवर सांगायचं. मुलगी द्यायची तर "किती खणाचं घर?" असं आधी विचारत. माळवदावर आम्ही मिरच्या वाळवल्या, कुरडया घातल्या आणि उन्हाळ्यात रात्री आभाळाखाली झोपलो. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची आणि छप्पर वर्षागणिक जड होत जायचं.

हे जडपण किती भोवलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) जवळपास आठ हजार माणसं गेली. भवानी पेठेत आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो. गावी आमच्या राहत्या घराचा एक कोपरा बसला, सुदैवाने माणूस दगावलं नाही. त्यानंतर इकडच्या गावोगावी लोकांनी माळवदं उतरवली आणि पत्रे टाकले. आम्हीही टाकले. त्या वेळी निघालेल्या तुळया आणि कड्या आम्ही सरपणाच्या भावाने विकल्या. कुणी जास्त भाव मागितलाही नाही, कारण लाकूड अपशकुनी वाटू लागलं होतं.

नंतर अभ्यासकांनी त्या पडझडीचा जो उलगडा केला तो मी पुढे वर्गात शिकवायचो. माणसं मुख्यतः मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्याने. जिथे लाकडी खणांचा सांगाडा चांगला बांधलेला होता तिथे भिंती बाहेर ढासळल्या तरी खांब-तुळया पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या आणि खालची माणसं वाचली. म्हणजे ज्याने वाचवलं त्यालाच आपण अपराधी ठरवून चुलीत घातलं. गोठा तेवढा राहिला, कारण गुरांसाठी पत्र्याचा खर्च कोण करणार!

तर असा तो गोठा. आणि त्याच्या मागे चढण चढून गेलं की वरचा माळ.

हा माळ म्हणजे माझ्या लहानपणी शिकारीची जागा. माझे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक होती. ससे, तित्तर, कधी काळवीट. आणि माळढोक. माळढोकाची शिकार बैलगाडीतून करत. हा पक्षी पायी माणूस दिसला की अर्ध्या फर्लांगावरून चालू लागतो, पण बैलगाडीला भीत नाही, कारण गाड्या त्याने रोज पाहिलेल्या. म्हणून गाडी सरळ त्याच्यावर न नेता गोल-गोल फिरवत, घेर लहान करत जायचं. आप्पा गाडीत कडब्याआड बसलेले असत.

१९५९-६० साल असेल. आप्पांनी एक मोठा नर आणला. उभा केला असता तर माझ्या छातीपर्यंत आला असता. असा नर दहा-पंधरा किलोपर्यंत भरतो. त्या रात्री सात-आठ घरांत वाटे गेले. मीही खाल्लं. आज सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? मी माळढोक खाल्लेला माणूस आहे. चव आठवत नाही. पिसांना आलेला गवताचा वास तेवढा आठवतो.

आमचे आप्पा काही जगावेगळे नव्हते. माळरानं ही शेकडो वर्षं शिकारीची आणि कुरणांची जमीन. मराठ्यांच्या फौजेची घोडी कुरणांवर जगायची, म्हणून सरकारी कुरणं राखलेली असत. कोल्हापूरच्या संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडत, आणि आपल्याकडचे चित्ते संपत आल्यावर आफ्रिकेतून आणवले होते. इंग्रज साहेब आले तेव्हा हिशेबच ठेवू लागले. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने! आणि माळढोकाची मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

माळाचं सगळ्यांत बारीक ज्ञान मात्र ना साहेबाला होतं, ना आप्पांना. ते फासेपारध्यांना होतं. कुठल्या बांधाला तित्तर रात्र काढतो, पावसाआधी ससा कुठली वाट धरतो, हे त्यांना आपल्या अंगणाइतकं ठाऊक. त्यांना इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. आपल्या सोलापुरातच तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. तिथे अशा जमातींची माणसं कोंडून ठेवत आणि गिरणीच्या कामाला जुंपत. १९५२ साली तो कायदा गेला. सेटलमेंट हे नाव मात्र आपल्या वस्त्यांना अजून चिकटून आहे आणि रिक्षावाल्याला ते सांगताना आपल्याला काही वाटतही नाही. माळ जाणणाऱ्यांना माळावरून उचललं, तेव्हापासून माळाच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नाही.

मग १९७२ आलं. एकीकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, दुसरीकडे तो दुष्काळ पडला. माझं बीए नुकतंच झालं होतं, नोकरी नव्हती, तेव्हा मीही गावच्या खडी फोडायच्या कामावर हजेरी घेत होतो. त्याच सुमाराला सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरच्या माळढोकांकडे जाणकारांचं लक्ष वेधलं. पुढे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नज भागातले माळाचे काही तुकडे चर खणून राखले, गुरं आत सोडणं बंद केलं. हेतू पक्ष्यांचा नव्हताच, जमीन आणि चारा यांचा होता. पण दोन-तीन पावसाळ्यांत कुसळी, पवना, मारवेल कमरेपर्यंत वाढलं आणि माळढोकाला अंडी घालायला निवांत जागा मिळाली. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. १९८० नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी नान्नजला मुक्काम ठोकून अभ्यास करत. ज्वारी, करडई, हरभरा, भुईमूग अशा आपल्या कोरडवाहू शेतात हा पक्षी खुशाल चरायचा. नाकतोडे खाऊन शेतकऱ्याचं कामही करायचा.

आता माझ्या कर्तबगारीकडे वळतो.

१९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला. झाडं लावा, हा त्या काळचा मंत्र. मी तेव्हा जवळच्याच एका शाळेत होतो आणि हरित सेनापती व्हायचा मला फार उत्साह. पडीक जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, हे मी स्वतः फळ्यावर लिहून दिलं होतं. तीन पावसाळे मुलांना रांगेने माळावर नेलं आणि सुबाभूळ, गिरिपुष्प लावून घेतलं. आमच्या सात एकरांवरसुद्धा! आप्पा तेव्हा थकले होते. बाजेवरून म्हणाले, "मास्तर, तिथं झाडं लावून काय करणार? तिथं गवत हाय की." मी हसलो. ज्यांनी जन्मभर शिकार केली त्यांच्याकडून निसर्गाचा धडा काय घ्यायचा?

झाडं जगली. मला मानपत्र मिळालं. कळायला पंचवीस वर्षं लागली की माळढोकासारखा पक्षी जगतो तो नजरेवर. चारी बाजूंनी लांबवर दिसलं पाहिजे, तरच तो टेकतो आणि अंडं घालतो. उंच दाट झाडीची भिंत उभी केली की ती जागा त्याच्या हिशेबातून गेली. झाडांखाली गवतही विरळ झालं. नान्नजच्या राखीव माळावरही अशी बाहेरची झाडं लावली गेली होती आणि नंतर गिरिपुष्प काढून टाकायचं काम वनखात्यालाच हाती घ्यावं लागलं. झाडं तोडणं हे निसर्गरक्षण असतं, हे मी विद्यार्थ्यांना कसं सांगणार होतो? ते आता स्वतःच आजोबा व्हायला आलेत.

पण सगळं पाप झाडांच्या आणि माझ्या माथी मारणंही बरोबर नाही. अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात तालुकेच्या तालुके, बाजारपेठा, लोकांची घरं-शेतं. जमीन विकायची तर अडचण, बांधायचं तर अडचण. ज्या शेतकऱ्याच्या शेतात माळढोक पिढ्यान् पिढ्या चरत होता, त्यालाच तो पक्षी दावेदार वाटू लागला. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर लोकांची मनं बिघडली होती. दरम्यान उजनीचं पाणी आलं, बोअर आले, ऊस आला, द्राक्ष आली. द्राक्षांना मी नावं ठेवणार नाही. सोनाका आणि शरद या जाती ज्यांनी दिल्या ते नानासाहेब काळे नान्नजचेच. दुष्काळी गावाच्या पोरांनी त्यावर घरं बांधली, शिक्षणं केली. फक्त लोखंडी मांडव आणि विजेच्या तारा यांच्यामध्ये माळढोकाला जागा उरली नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि अंग इतकं जड की झटकन वळताही येत नाही.

आज देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे, बहुतेक राजस्थानात. गेल्या काही वर्षांत नान्नजला एखाद-दुसरा दिसला तर दिसला. सालिम अलींनी ज्याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून सुचवलं होतं, तो हा. १९६३ साली मान मोराला मिळाला. कधी कधी वाटतं, तेव्हा माळढोक निवडला असता तर माळाकडे बघायची आपली नजर वेगळी झाली असती का?

मला या सगळ्यातून एक चमत्कारिक गोष्ट दिसते. शिकार होती तोवर माळाला किंमत होती. राजाला, साहेबाला, पारध्याला, आमच्या आप्पांना माळ माळ म्हणूनच हवा होता. शिकार बंद झाली ते उत्तमच झालं. पण तिच्याबरोबर माळाची किंमतही गेली. मग तो पडीक झाला, आणि पडीक म्हटलं की सुधारणारे येतात. त्यात मीही आलोच.

असो. तर त्या दिवशी गोठ्यापुढे बाजेवर आमची बैठक बसली. चुलतभाऊ, त्याचा मुलगा, मी. पुतण्याचं म्हणणं सरळ होतं. माळ सपाट करायचा, वरून काळी माती आणून टाकायची, ठिबक करायचं, द्राक्ष लावायची. मी माझं पुराण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही पेन्शनवर आहात."

खरं सांगतो, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. भवानी पेठेत पंख्याखाली बसून त्याला गवत राख म्हणणं सोपं आहे. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मी म्हटलं, साडेतीन एकर तुझे, त्यावर तुला हवं ते कर, मी आत्ता सही देतो. साडेतीन माझे. त्यातली सुबाभूळ आणि गिरिपुष्प काढायची मजुरी मी देतो. झाडं मी लावली, मीच काढतो. मग पावसाळाभर तिथे गुरं सोडायची नाहीत. बी गळून पडलं की गवत कापायचं, कडब्यासारखं रचायचं, ते तुमच्या गुरांना. चुलतभावाने मान हलवली. पुतण्या म्हणाला, "बघू दोन वर्षं." मीही म्हटलं, बघू.

साडेतीन एकरांत माळढोक येणार नाही, हे मला कळतं. त्याला मैलोन् मैल मोकळी जमीन लागते. पण पहिल्याच पावसाळ्यात खुंटांच्या मधून कुसळी वर आली. दिवाळीनंतर गेलो तर टिटव्या ओरडत होत्या, चंडोल वर चढून गात होता, आणि सकाळी बांधावर काळविटांच्या लेंड्या होत्या. पलीकडच्या साडेतीन एकरांत मांडवाचे लोखंडी अँगल उभे राहिले आहेत. दोन्हींच्या मध्ये एक बांध. आमच्या घराण्याची वाटणी झाली ती अशी.

गोठ्याचं लाकूड मात्र मी सगळं आणलं. या वेळी सरपण होऊ दिलं नाही. बाभळीचे चार खांब, कडुनिंबाच्या कड्या आणि एक सागवानी तुळई. सागवान आमच्याकडे कुठून आलं असेल? सुताराने तुळई पालथी केली आणि दाखवलं. तिच्यावर आमच्या गोठ्यात कधीच न वापरलेल्या खाचा होत्या. म्हणजे ती आमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती, कुठल्या तरी पडलेल्या वाड्याची. आमच्या आजोबांनी तिला दुसरा जन्म दिला होता, मी फक्त तिसरा देत होतो. पूर्वीच्या माणसांना यात विशेष काही वाटत नसे. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं, आता वाकायचं-फुटायचं राहिलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं.

जुन्या लाकडाची एक अडचण म्हणजे आतले खिळे, त्यांनी रंध्याचं पातं जातं. आमच्या सुताराने लोहचुंबक फिरवून सगळे खिळे काढले आणि निर्धास्त रंधा मारायला घेतला. बाभळीच्या एका खांबावर पातं कर्रकन अडलं. बघितलं तर लाकडात शिशाचे छरे, एकापाशी एक पाच-सहा. शिसं चुंबकाला लागत नाही! आप्पा बंदूक साफ केल्यावर गोठ्याच्या खांबावर नेम धरून बघायचे, ते मला तेव्हा आठवलं. काकू त्यावरून किती ओरडायच्या, "गुरं बुजत्यात!"

सुतार म्हणाला, एवढा तुकडा कापून टाकू. मी नको म्हटलं. त्या खांबाचे दोन भाग करून ते आता माझ्या लिहायच्या टेबलाचे पुढचे पाय झालेत, वर सागवानी तुळईच्या फळ्या. हे लिहिताना गुडघ्याला तो खडबडीत भाग लागतो. नातीने विचारलं, "आजोबा, हे काय आहे?" तिला सगळं सांगितलं. मी माळढोक खाल्ला तेही, झाडं लावली तेही. तिने जरा विचार करून विचारलं, "मग आता तुम्ही काय करता?"

म्हटलं, गवत वाढू देतो.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या गावी माळवद अजून उभं आहे का? पाडणार असाल तर लाकूड सरपणाला देण्याआधी एकदा पालथं करून बघा. आणि कुणाच्या सात-बारावर असा निरुपयोगी माळ असेल, तर तो सुधारण्याआधी एखाद्या पावसाळ्यात सकाळी तिथे नुसतं जाऊन बसा. आमच्या नात्यातल्या ज्या मंडळींना त्या रात्रीचा वाटा आठवत असेल त्यांनी कळवावं. कुणाला तरी चव आठवते का, ते मला विचारायचं आहे.